समारिनचं माप

…तर केजा त्या खिडकीशी उभी होती आणि खिडकीतल्या माणसानं तिसऱ्यांदा विचारलं होतं, "अहो बाई, पेशंटचं नाव काय?" काल गोष्ट इथवर आली आणि जेवणाची हाक आली, त्यामुळे बिचारी केजा रात्रभर खिडकीशीच उभी राहिली.

तिच्यामागे बाकावर समारिन आडवी पडलेली. भाताचा रोपा लावताना चिखलात कोसळली होती, तशीच उचलून आणलेली. लुगड्याच्या टोकाला अजून ओला चिखल होता, आणि पदराचं टोक दातांत धरून धरून तिनं त्याची चिंधी केली होती. केजा म्हणजे उंचीनं दाराच्या चौकटीला लागणारी बाई. आवाज असा, की तलावाच्या या पाळीवरून हाक मारली तर त्या पाळीवरची म्हैस मान वळवून बघते. पण त्या खिडकीसमोर त्याच केजाच्या तोंडून एक शब्द फुटेना.

"तुम्ही तिच्या कोण?" खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"भोजली."

"तुमचं नाव नाही विचारलं. तिचं सांगा."

"ती पण भोजलीच."

"दोघींचं नाव एकच?"

"नाव नाही हो साहेब. नातं आहे. तिचं नाव मला घेता येत नाही."

"का? तोंडात तंबाखू आहे का?"

आता तो माणूस होता बाहेरच्या मुलखातला, त्याचा तरी काय दोष. यांच्या परसाबोड गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की राखीच्या दुसऱ्या दिवशी दोघींनी एकमेकींच्या कानावर भोजलीचे, म्हणजे टोपलीत उगवलेल्या गव्हाचे, कोंब खोवले की त्या जन्माच्या भोजली झाल्या. त्यानंतर नाव घ्यायचं नाही, भेटल्यावर "सीताराम भोजली" म्हणायचं. सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, भोजलीशी भांडायची सोयच नाही. पुरुषांतही असं नातं असतं, जगन्नाथाच्या प्रसादावर बांधलेलं; त्या मित्राला नावानं नाही, महाप्रसाद म्हणायचं. त्याच गावातला बिसाहू मंडल. त्याचा महाप्रसाद सरपंचकीला उभा राहिला. प्रचार तर करायचा, पण नाव घ्यायचं नाही. मग बिसाहू गल्लोगल्ली "महाप्रसादाला विसरू नका" असं ओरडत फिरला, आणि निम्म्या गावानं दारात येऊन वाट्या पुढं केल्या. निवडणूक गेली ती गेली, वर लोक आजतागायत त्याच्याकडं प्रसाद मागतात.

तर शेवटी खिडकीतल्या माणसानं हात टेकले आणि कागदावर लिहिलं: भोजली साहू, वय चोवीस. बाकावरच्या समारिननं हे सगळं ऐकलं, आणि तिला हसू आलं. हाडांत कुणी पाचर ठोकतंय असं दुखत होतं, तरी पोट धरून ती हसली. दुखण्याच्या ऐन भरात हसता येतं हे तिला तोवर माहीतच नव्हतं. त्या दवाखान्याच्या कागदांत ती आजही भोजली साहूच आहे. दुरुस्त करा म्हणून ती कधी म्हणाली नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी दोन घास मागचे वाढायला हवेत.

समारिन महानदीपलीकडच्या गावची. सोमवारी जन्मली म्हणून समारिन. लहानपणापासून वर्षातून चार-सहा वेळा तिची हाडं पेटून उठत आणि आठ-दहा दिवसांनी आपोआप विझत. गावच्या मांत्रिकानं, बैगानं, झाडलं, ताईत बांधले, एका वैदूनं तर पाठीवर डाग दिले. एकविसाव्या वर्षी ती खेलावन साहूच्या घरात सून होऊन आली. खेलावन ट्रॅक्टर चालवी; माणूस दुधासारखा, पण आईसमोर उभा राहिला की त्याच्या जिभेला गिअर सापडत नसे. आणि आई म्हणजे सुखबती. तिशी ओलांडायच्या आधी नवरा गेला, तेव्हापासून एकटीनं शेत कसलं, पोर वाढवलं, घरावर कौलं चढवली. पहाटेच्या कोंबड्याला जाग आणणारी बाई ती. तिच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं: कामाची आणि कामचोर.

"ढग भरून आले की हिची हाडं भरून येतात," ती शेजारणींना सांगे. "रोपा संपला की बरी. फार शहाणं दुखणं आहे बाई, पंचांग बघून येतं."

खरं तर दुखणं पंचांग बघून येत नव्हतं. रोप्याला दिवसभर गार पाण्यात पिंढऱ्यांपर्यंत उभं राहिलं की ते येत होतं. पण हे तेव्हा समारिनलाही कळत नव्हतं. तिलाही वाटू लागलं होतं की आपणच कुठंतरी खोट्या आहोत. मग ती लपवायला शिकली. कुणी विचारलं तर "बरी आहे" म्हणायचं. हे दोन शब्द म्हणजे तिनं दाराला आतून लावलेली कडी होती. केसांना तेल लावणं सुटलं, बायकांत बसणं सुटलं. तिचे डोळे पिवळसर दिसत, म्हणून गावातल्या बायका तिला "पिवळी बहुरिया", पिवळी सून, म्हणत. तेव्हापासून ती मान वर करून बघेनाशी झाली. काम उरकलं की धानाच्या कोठीकडं तोंड करून बसे. पाण्याला गेली की तलावाच्या खोल बाजूकडं उगाच बघत उभी राही. मनात काय येई, ते पुष्कळ पुढं तिनं केजालाच सांगितलं. केजानं त्यावर एक अक्षर न बोलता तिची घागर महिनाभर आपल्याच डोक्यावर वाहिली.

पण हे पुढचं. त्या खिडकीच्या आदल्या वर्षी, राखीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, भोजलीची मिरवणूक सुखबतीच्या दारावरून चालली होती. पोरीबाळींच्या डोक्यांवर टोपल्या, टोपल्यांत हळदीसारखे पिवळेधमक गव्हाचे कोंब, गाणी चाललेली. समारिन दाराआड उभी राहून फटीतून बघत होती. केजा दोन घरं सोडून राहणारी, तिनं ते बघितलं आणि अख्खी मिरवणूक थांबवली.

"का गं, आत काय अंडी उबवतेस?"

"मी नाही येत, दीदी. डोळे पिवळे आहेत. बायका हसतात."

केजानं डोक्यावरची टोपली उतरवून तिच्या नाकासमोर धरली. "हे बघ. नऊ दिवस अंधारात ठेवतो, वर हळदीचं पाणी शिंपडतो, तेव्हा कुठं हिला असा रंग चढतो. हिरवी निघाली तर बायका नाकं मुरडतात. तुला देवानं आयती पिवळी केली, आणि तू दाराआड?" एवढं बोलून तिनं चिमूटभर कोंब उपटले आणि समारिनच्या कानावर खोवले. "सीताराम भोजली. आता माझं नाव घेतलंस तर पाप लागेल. तू पण खोव माझ्या कानावर."

तर अशा त्या भोजली. आणि म्हणून वर्षानं ती खिडकी.

दवाखान्यात त्या दिवशी रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं. डॉक्टरीणबाई खाटेवर टेकून बसल्या. त्यांनी सांगितलं, तुझ्या रक्तातले गोल दाणे विळ्यासारखे वाकडे होतात, बारीक वाटेत अडकतात, म्हणून दुखतं. आईकडून अर्धं आलं, बापाकडून अर्धं आलं, दोघांनाही त्याची खबर नव्हती. शाप नाही, बाधा नाही, कुणाला लागत नाही. मुळापासून जाणार नाही, पण रोज गोळी घेतलीस, पाणी भरपूर प्यालीस, गार पाण्यात उभी राहिली नाहीस तर पुष्कळ आटोक्यात राहील.

समारिन रडायला लागली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, जन्माचं आहे म्हणून रडतेय.

"तसं नाही," समारिन म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी ढोंगी आहे."

मग डॉक्टरीणबाईंनी असं काही विचारलं, जे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. झोप लागते का. जेवावंसं वाटतं का. एकटी असताना मनात काय येतं. आणि शेवटी, "आत्ता किती दुखतंय? दहापैकी किती?"

"दहा काय?"

"काही नाही. नुसते दहा. एक म्हणजे थोडंसं, दहा म्हणजे सोसवत नाही इतकं."

समारिन विचारात पडली. नुसते दहा म्हणजे हवेतले दहा, ते कसे मोजायचे? "बाई, काठ्यांत सांगू का?"

काठा म्हणजे घराघरात असतं ते धान मोजायचं लाकडी माप. पैली त्याहून लहान, आणि वीस काठ्यांची खंडी. हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोराला कळतं. डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. "सांग की."

"चिखलात पडले तेव्हा अठरा काठे होतं. गाडीत सोळा. सुई दिली तशी उतरत आलं, आत्ता नऊ काठे आणि वर दोन पैली. खंडी भरली की मी गेले समजा."

बाईंनी कागदावर खरंच तसंच लिहिलं. नऊ काठे, दोन पैली. तो कागद समारिननं जपून ठेवला आहे. ती म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं दुखणं माझ्या मापानं उतरवून घेतलं.

घरी आल्यावर मात्र पळसाला पानं तीनच. खेलावननं आईला सगळं समजावून सांगितलं, आणि सुखबतीनं त्यातलं एकच वाक्य उचललं: मुळापासून जाणार नाही.

"म्हणजे जन्माचं ओझं," ती म्हणाली. "रोप्याला जायचं नाही, घागर उचलायची नाही, वर रोज गोळी. सून आणली की पाहुणी? तीजेला हिचा भाऊ न्यायला येईलच. जाऊ दे. मागं बोलवायचं नाही."

खेलावन उठला. बाहेर जाऊन ट्रॅक्टरचा दिवा पुसत बसला. चांगला स्वच्छ असलेला दिवा त्यानं तासभर पुसला. भिंतीपलीकडं समारिन कोठीला पाठ टेकून हे ऐकत होती. दोनच दिवसांनी नदीपलीकडं फिरणारी चुडीवाली गावात आली, तिच्याकरवी सुखबतीनं समारिनच्या भावाला निरोपही धाडला: तीजेला ये, बहिणीला ने, आणि परत आणायची घाई करू नकोस. घाई करू नकोस म्हणजे काय, हे नदीच्या दोन्ही तीरांवर सगळ्यांना कळतं.

तीज म्हणजे हरतालिका, नवऱ्याच्या आयुष्यासाठी माहेरी जाऊन करायचा निर्जळी उपास; तिला दोन महिने होते. भावाचं घर दोन खोल्यांचं, त्यात माय, भावजय आणि शेळ्या. समारिनला भीती खोल्यांची नव्हती. तिला एवढंच कळत होतं, की इथून ती निघाली तर कडी लावलेल्या दाराआडची पिवळी बहुरिया म्हणूनच निघेल, आणि पुढं सगळा जन्म तीच राहील.

केजाला तिनं सांगितलं तेव्हा केजा म्हणाली, "दोन महिने आहेत ना? मग आज किती काठे ते सांग."

"सहा."

"सहात भाजी निवडता येते. बस खाली."

तेव्हापासून रोज सकाळी कुंपणावरून हाक येऊ लागली. "सीताराम भोजली. किती?" समारिन खरं माप सांगे. पाचाच्या आत असेल तर केजा चेष्टा करी. दहाच्या वर गेलं की न बोलता घागर उचलून नेई. पंधरा म्हटलं की बासीचा वाडगा, गरम विटेचं गाठोडं आणि खेलावनला हाक, हे सगळं एकदमच येई. "डॉक्टरीण म्हणते पाणी पी," केजा सांगे, "आणि आपण रात्रीचा भात पाण्यात बुडवून सकाळी कांद्याशी खातो. आपल्या पूर्वजांनी तुझ्यासाठीच बासी काढली गं, फक्त तुला सांगायला विसरले."

महिन्याभरात एक गंमत झाली. कुंभारवाड्यातली रमौतिन, जिचा दमा आव्यावरच्या धुराबरोबर वाढत चाललेला, ती एक दिवस येता येता कुंपणाशी थांबली आणि खाली मान घालून म्हणाली, "श्वासाचं पण मोजता येतं का गं?"

"का नाही?" समारिन म्हणाली. "आत्ता किती भरतोय?"

"आठ. रात्री चौदा."

"रात्री चौदा आणि दिवसभर माती तुडवतेस?"

रमौतिनचे डोळे भरून आले. वीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे म्हणत, रमौतिन म्हणजे लोखंड. आणि लोखंडाला कोण विचारतं.

मग दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरी केजाच्या परछीत, म्हणजे ओसरीवर, बायका बसू लागल्या. तिघींच्या पाच, पाचांच्या नऊ. कुणाचे सांधे, कुणाची फिट, दोघींचं समारिनसारखंच विळ्याचं रक्त. समारिन मधे धानाचा रिकामा काठा ठेवी. ज्या बाईच्या हातात काठा, तिनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नियम समारिननंच घातले. "होईल बरं" म्हणायचं नाही. "माझ्या नणंदेचं तर याहून वाईट" म्हणायचं नाही. विचारल्याशिवाय औषध सुचवायचं नाही, आणि "बरी आहे" म्हणणारीनं काठा पुढं द्यायचा, कारण तिची पाळी अजून आलेली नाही. केजाला काहीच दुखत नसे. ती दर वेळी काठा हातात घेऊन म्हणे, "माझं शून्य. क्षमा असावी," आणि बायका हसून हसून आडव्या होत. त्या परछीतलं हसणं तलावापर्यंत ऐकू जाई.

सुखबतीनंही ते ऐकलं. "दुखणं काय धान आहे मोजायला?" ती संध्याकाळी म्हणाली.

"धान असतं तर विकून आले असते, अम्मा," समारिन म्हणाली, आणि स्वतःच दचकली. तीन वर्षांत सासूला दिलेलं ते पहिलं उत्तर. खेलावनला ठसका लागला.

त्या वर्षीची भोजली समारिननं स्वतः पेरली. आव्याची माती रमौतिननं आणून दिली. मिरवणुकीच्या दिवशी टोपली डोक्यावर घेताना केजानं हळूच विचारलं, "किती?"

"सात. तलावाच्या पाळीपर्यंत जाईन. वडाखाली थांबेन."

आणि वडाखाली ती खरंच थांबली. सगळ्यांदेखत टोपली उतरवून पारावर बसली आणि बाटलीतलं पाणी प्याली. सगळी मिरवणूक थांबली. जुन्या बायका कुजबुजल्या, भोजली मधेच उतरवत नाहीत म्हणून. तेव्हा मागून धापा टाकत रमौतिन आली, तिच्याशेजारी मटकन बसली आणि म्हणाली, "बरं झालं बाई कुणीतरी थांबलं. मी गेली वीस वर्षं वाट बघतेय." मग आणखी तिघी बसल्या. आता परसाबोडची भोजली दर वर्षी वडाखाली थांबते. नवीन पोरींना वाटतं तशीच रीत आहे.

एवढं सगळं झालं, तरी चुडीवालीचा निरोप जागच्या जागी होता. सुखबतीनं तो मागं घेतला नव्हता, आणि समारिननं तिला विचारलंही नव्हतं.

मग आली कमरछठ. त्या दिवशी लेकाच्या आयुष्यासाठी आया उपास करतात, न नांगरलेल्या जागेतला तांदूळ रांधतात. सुखबती उपाशीपोटी चुलीशी उभी होती. समारिन सहा भाज्या निवडत दारात बसलेली. तिला कसलातरी वास आला. आधी वाटलं, भाजी लागली. मग बघितलं तर चुलीतून एक निखारा बाहेर गडगडलेला, आणि सासूचं उजवं पाऊल बरोबर त्यावर. सासू डाव हलवत उभी. चेहऱ्यावर काही नाही.

समारिननं उडी मारून तिला बाजूला ओढलं. सुखबती रागावली. "ढकलतेस काय?"

"अम्मा, पाय बघा."

सुखबतीनं बघितलं. तळवा भाजून पांढरा पडला होता. ती बघतच राहिली, जसा काही दुसऱ्या कुणाचा पाय आहे.

"किती काठे, अम्मा?" समारिननं अगदी हळू विचारलं.

सुखबतीनं भाजलेल्या तळव्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काहीच नाही. तीन वर्षं झाली. आधी जळायचे, आता काही कळतच नाही. चप्पल पायातून निसटली तरी चार घरं पुढं गेल्यावर समजतं."

"सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? मी बसले तर घर बसतं."

समारिननं ऐकलं आणि तिला ते शब्द ओळखीचे वाटले. तीही कडीच होती, फक्त जास्त जुनी.

खेलावननं ट्रॉली जोडली. केजा आपोआप येऊन बसली. दवाखान्यात तीच खिडकी, आणि खिडकीत तोच माणूस. खेलावन ट्रॅक्टर लावायला जागा शोधत बाहेर फिरत होता. माणसानं केजाला बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"पेशंटचं नाव? की ही पण भोजली?"

केजा छताकडं बघू लागली. भोजलीची सासू ती आपली सासू. नाव घेणार कसं? आणि समारिन तर सून. सुनेनं सासूचं नाव तोंडातून काढणं म्हणजे घरच्या देवाला पाठ दाखवणं. बाकावर सुखबती डोळे मिटून बसली होती.

समारिननं पदर सारखा केला आणि खिडकीत तोंड घालून, ठणठणीत आवाजात सांगितलं, "सुखबती साहू. वय पंचावन्न. पाय भाजलाय, आणि तीन वर्षं पावलांना काही कळत नाही. दोन्ही लिहा. दुसरं आधी लिहा."

केजानं कानावर हात ठेवले, पण हसत होती. बाकावर सुखबतीनं डोळे उघडले.

तपासणीत साखर निघाली, भरपूर. पट्टी झाली, गोळ्या मिळाल्या, पथ्य सांगितलं. ट्रॉली परतीला लागली. महानदीच्या पुलावर वारा लागला तेव्हा सुखबती म्हणाली, "पुन्हा घे."

"काय, अम्मा?"

"नाव."

समारिनला क्षणभर कळेना. मग तिनं घेतलं. "सुखबती."

"माहेर सुटलं तेव्हा ते तिथंच राहिलं," सुखबती नदीकडं बघत म्हणाली. "कुणाची सून, मग खेलावनची माय. आज खिडकीत ऐकलं, तर मला वाटलं कोण ही बाई, जिची एवढी चौकशी चाललीय."

पुढच्या गुरुवारी ती परछीत आली. पट्टी बांधलेला पाय पुढं पसरून खांबाला टेकून बसली. काठा तिच्या हातात आला तेव्हा तिनं तो उलटा करून आत बघितला, जणू तळाशी काही चिकटलं असेल. "आज शून्य काठे," ती म्हणाली, "आणि तेच वाईट आहे." केजानं त्या दिवशी आपली नेहमीची चेष्टा केली नाही.

पोरा, म्हणजे पोळ्याचा सण, झाला. मातीचे बैल पोरांनी दिवसभर ओढले, रात्री चाकं मोडून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळीच समारिनचा भाऊ दुकालू मोटरसायकलवरून आला. हँडलला नव्या लुगड्याची पिशवी, आणि मागं बांधलेलं एक मोठं रिकामं पोतं. ते पोतं बघून केजा कुंपणावरून घरात पळाली आणि पुन्हा बाहेर आली. दुकालू साधा माणूस. त्यानं बहिणीसाठी शेळ्या दुसरीकडं बांधून कोपरा सारवला होता, दोरीचा झुलाही टांगला होता. ठेठरी-खुरमीच्या फराळाची थाळी समोर आली, ती त्यानं बाजूला सरकवली.

"अम्माजी," शेवटी तो म्हणाला, "चुडीवालीनं निरोप दिला होता."

सगळ्यांचे कान तिकडं लागले. केजा कुंपणाशी. खेलावन ट्रॅक्टरजवळ फडकं घेऊन. समारिन उंबऱ्यावर. तिनं मान खाली घातली नव्हती. डोळे पिवळे होते, सगळ्यांना दिसत होते, आणि ती सरळ भावाकडं बघत होती.

सुखबतीनं पायाची पट्टी चाचपली. "दिला होता," ती म्हणाली. "तेव्हा मला पायांनी कळत नव्हतं, तसं डोक्यानंही कळत नव्हतं. पण ठेव म्हणणारी मी कोण आणि ने म्हणणारी तरी कोण? तिचं तिला विचार."

तेवढ्यात ट्रॅक्टरकडून खेलावनचा आवाज आला. गिअर सापडला होता. "न्या तुम्ही, भैया. आणायला मी येणार आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा दिवा पुसू लागला.

दुकालूनं पोत्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग बहिणीकडं वळला. "तूच बोल, बहिणी. मला काही समजेना झालंय. एवढं मोठं पोतं आणलंय, सामान किती भरायचं?"

समारिन उठली, पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवला, आणि म्हणाली:

"लुगडी दोन, गोळ्यांची डबी आणि पाण्याची बाटली. बाकी सगळं इथंच राहील, कारण मी तीजा करायला येतेय, राहायला नाही. पंचमीला हे ट्रॅक्टर घेऊन येतील, आणि गुरुवारी मला परछीत असायला हवं. तिथं दहा बायका बसतात आणि त्यांचं माप माझ्याकडं असतं. पोतं मात्र राहू दे, येताना मायकडचे तांदूळ भरून आणू. आणि भैया, निघायच्या आधी मायला फोन करून सांग, तीजेच्या उपासाला तुझी लेक पाणी पिणार आहे, घटाघटा, सगळ्यांसमोर बसून. कुणी नाक मुरडलं तर म्हणावं, नवऱ्याला आयुष्य मागायचं तर मागणारी बाई आधी जिवंत लागते."